एकशे बेचाळीस रेघा आणि एक ठिपका

“जन्मसुद्धा तुला न विचारताच दिला होता,” आई म्हणाली. “तोही परत घेणार आहेस का?”

ती दुसऱ्या दिवशीच्या ड्युटीच्या पांढऱ्या साडीला इस्त्री करत होती. बोलताना तिचा हात थांबला नाही.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. एम.एस्सी. होऊन पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत लागले, त्याला आठ महिने झाले होते. येत्या ईस्टरला मी हौदात उतरून बाप्तिस्मा घेणार, एवढंच वाक्य मी आठवडाभर मनात घोळवून तिच्यापुढे ठेवलं होतं.

“आई, मी सहा आठवड्यांची होते. मला त्यातलं काहीच आठवत नाही.”

“तुला आठवावं म्हणून नव्हता केला. देवाला आठवावं म्हणून केला होता.”

“पण मी स्वतः काही म्हटलं नव्हतं.”

“तुझ्या आजोबांनी म्हटलं. मी म्हटलं. पितळी वाटीतून तीन वेळा तुझ्या डोक्यावर पाणी घातलं त्यांनी, आणि तू रडली नाहीस. त्या बुडव्यांना सांग जाऊन, उपदेशक मास्तरांच्या नातीचा बाप्तिस्मा झालेला आहे.”

‘बुडवे’ हा आईचा शब्द. आम्ही मूळचे नगरकडचे. आमच्याकडे तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा होतो. बाप्टिस्ट लोक ते मानत नाहीत. माणसानं मोठं झाल्यावर आपल्या तोंडानं कबुली द्यावी आणि अख्खं पाण्याखाली जावं, असं त्यांचं म्हणणं. ते आम्हाला ‘शिंपडे’ म्हणायचे आणि आई त्यांना ‘बुडवे’ म्हणायची. उसने घेऊन परत न करणाऱ्यालाही मराठीत तेच म्हणतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

“तू सतरा वर्षं त्याच बुडव्यांत जाऊन बसतेस,” मी म्हटलं.

“बसते. बुडत नाही.”

तिनं इस्त्री उभी ठेवली आणि साडीची घडी दोन्ही हातांनी दाबली.

“मी त्या दिवशी येणार नाही, हेमा. नंतर तोंड पाडून बसू नकोस, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.”

सतरा वर्षांत ड्युटी सोडून दुसऱ्या कशासाठीही आईनं उपासना चुकवली नव्हती. आम्ही दोघीच होतो. वडील मी पाच वर्षांची असताना गेले. आई पुण्यात रेल्वेच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती, आणि तिच्या क्वार्टरपासून सात मिनिटांवर ती शेड होती जिला सगळी वसाहत ‘हौदाचं चर्च’ म्हणायची.

तिथं पूर्वी लॉन्ड्री होती. एकतीस साली नेल्लोरकडून आलेली नऊ तेलुगू घरं तिथं चादरी धूत. लॉन्ड्री दुसरीकडे गेली, शेड पडून राहिली, आणि त्या नऊ घरांनी ती प्रार्थनेसाठी मागून घेतली. कपडे भिजवायचा सहा फूट बाय चार फुटांचा दगडी हौद आयताच मिळाला. त्यावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर व्यासपीठ ठेवलं. बाप्तिस्मा असेल तेव्हा व्यासपीठ बाजूला सरकायचं, फळ्या निघायच्या. पुढं आमच्यासारखी मराठी घरं आली, काही तमिळ आली, मग कॉलेजात शिकायला आलेली नागा आणि मिझो मुलंमुली. गाणी चार भाषांत व्हायची. प्रभूची प्रार्थना प्रत्येकानं आपापल्या भाषेत म्हणायची आणि सगळ्यांची संपेपर्यंत थांबायचं.

आई सगळं म्हणायची, तेलुगू गाणीसुद्धा. फक्त महिन्यातल्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं ताट बाकांवरून फिरत यायचं, त्यात भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे अंगठ्याएवढे पेले असायचे. ते तिच्याकडे आलं की ती दोन्ही हातांनी धरायची आणि पुढच्या माणसाकडे द्यायची. ती सभासद नव्हती. पाण्याखाली गेलेली नव्हती. लहानपणी मला वाटायचं, ताट पुढे देणं हेच आईचं काम आहे. मोठी झाल्यावर मीही तसंच द्यायला लागले.

जानेवारीत मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, सभेपुढे मी आपल्या विश्वासाची साक्ष दिली. लोकांनी हात वर करून मला बाप्तिस्म्यासाठी मान्य केलं. आई मागच्या बाकावर होती. तिला मताचा हक्क नव्हता, त्यामुळे तिनं काय केलं असतं हे कळायला मार्ग नव्हता.

मार्चच्या शेवटी आमचे पाळक, म्हणजे पास्टर, घरी आले. त्यांचं नाव तेमजेन. मोकोकचुंगकडचे, बत्तीस वर्षांचे, लग्न न झालेले. शिकायला पुण्यात आले आणि राहिले. मराठी त्यांनी अर्धी भाजीवाल्यांकडून आणि अर्धी गीतांच्या पुस्तकातून उचलली होती, त्यामुळे ते बोलायला लागले की पुढचा शब्द मंडईतला येईल की स्तोत्रातला, सांगता यायचं नाही.

“सिस्टर,” ते आईला म्हणाले, “माझी मंडळी तुमची फार वाट पाहते.”

आईनं चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. “लग्न कधी केलंत, पाळकसाहेब?”

“लग्न?”

“आत्ताच म्हणालात, तुमची मंडळी.”

जुनी माणसं बायकोला ‘आमची मंडळी’ म्हणतात, हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते कानांपर्यंत लाल झाले, मग हसले.

“मग बरोबर आहे. तिच्याशीच झालंय लग्न. फार भांडते.”

आईही हसली. तिला ते आवडायचे. पण हसणं ओसरल्यावर तिनं सरळ विचारलं, “माझ्या मुलीला तुम्ही पाण्यात बुडवणार. मला एवढंच सांगा, माझ्या वडिलांनी जे केलं ते काय होतं? नुसतं पाणी?”

तेमजेनांनी उरलेला चहा संपवून कप खाली ठेवला.

“मला तेवढी मराठी येत नाही, सिस्टर.”

“कुठल्याच भाषेत येणार नाही तुम्हाला,” आई म्हणाली. पण त्यांचा कप तिनं पुन्हा भरला.

निघताना ते मला दाराबाहेर म्हणाले, “यंदा नळ नाही. पाणी कुठून कुठून येणार. वसाहतीत कावीळ आहे. तू तपासशील?”

मी हो म्हटलं.

सत्त्याऐंशीचा तो एप्रिल कोरडा होता. वसाहतीला सकाळी जेमतेम तासभर पाणी यायचं. त्यामुळे हौद जुन्या रिवाजानं भरायचा ठरला. बहात्तरच्या दुष्काळात तो रिवाज सुरू झाला होता: प्रत्येक सभासदानं आपल्या घरून एक घागर आणायची. पुढं नळाला पाणी आलं तरी तो मोडला नाही. तळाचं पाणी नळाचं असायचं आणि वरचं घराघरांतलं. यंदा मात्र तळापासून सगळं घागरींचंच होणार होतं.

हे सगळं दीनम्माक्कांच्या ताब्यात होतं. त्या मंडळीच्या सेविका. पंचावन्नच्या आसपास वय, पहिल्या नऊ घरांपैकी एका घरातली मुलगी. नवरा रेल्वेत फिटर होता, तो वारलेला. पोटी मूल नव्हतं. कोठीच्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. शनिवारी सकाळपासून त्या कोठीच्या दाराशी स्टुलावर बसल्या होत्या, हातात खडू घेऊन. घागर हौदात रिकामी झाली की उठून दारामागे जायच्या, रेघ ओढायच्या, परत येऊन बसायच्या. त्यांची मराठी भरभर होती, फक्त त्यातलं स्त्रीलिंग-पुल्लिंग कधी जागेवर नसायचं.

“हेमम्मा, तू घागरला हात लावायचा नाही,” मला बघताच त्या म्हणाल्या.

“मी पाणी तपासायला आलेय, आक्का.”

“तपास. आणायचा नाही. जो उतरणार त्यानं पाणी आणायचा नसतो. त्याला मिळतो.”

लोक येत होते. नागा मुलांकडे हॉस्टेलवर घागर कुठली असणार. ती बादल्या घेऊन आली, त्यातल्या एकीनं पत्र्याचा डबा आणला होता. दीनम्माक्कांनी त्यात नाक घातलं.

“हा रॉकेलचा आहे.”

“तीन वेळा धुतला, आंटी.”

“चौथ्यांदा धू. उद्या पास्टर मेणबत्ती लावणार, पाणी पेटला तर?”

मी दर अर्ध्या तासानं काचेच्या नळीत हौदातलं पाणी घेत होते. औषधाचे दोन थेंब टाकायचे; पाण्यात क्लोरीन पुरेसं असेल तर ते पिवळं होतं. होत नव्हतं. विहिरीचं, टँकरचं, कोणाच्या पिंपातलं, सगळं एकत्र आलेलं होतं. सगळ्या घागरी आल्या की ब्लीचिंग पावडर टाकायची, असं मी ठरवलं.

साडेपाचला शेवटची बादली पडली. हौदात पट्टी धरली तर पाणी तीन फूट दीड इंच भरलं.

“पावडरचा डबा आत आहे,” दीनम्माक्का म्हणाल्या. “आत मोजून घे. दार लोटून घे, वाऱ्यानं उडते.”

मी कोठीत गेले आणि दार लोटून घेतलं. या खोलीत मी पूर्वी अनेकदा आले होते, पण दार लावून कधी नाही. दाराची आतली बाजू त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिली.

वरपासून खालपर्यंत खडूच्या रेघा होत्या. चार उभ्या, त्यांवर एक आडवी, अशा पाचपाचच्या जुड्या. प्रत्येक गटापुढे साल लिहिलेलं. सर्वांत वर १९७२, अठ्ठावन्न रेघा. त्याखाली ७४, पासष्ट. मराठी घरं आली त्या साली एकदम दीड ओळ जास्त. मग मुलं शिकायला यायला लागली तेव्हाचा गट. आमच्या मंडळीचा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नव्हता. तो त्या दारावर होता. जुन्या रेघा पुसट झाल्या होत्या, पण त्यांना कोणी फडकं लावलं नव्हतं.

मला मोजायची खोड आहे. मी खालचा आजचा गट मोजला: एकशे बेचाळीस. सभासद तेवढेच होते. मग वरचे गट बघायला लागले आणि मला ते दिसलं. बहात्तरच्या शेवटच्या रेघेनंतर एक ठिपका होता. खडू टेकवून गोल फिरवल्यासारखा. मला वाटलं, हात घसरला असेल. चौऱ्याहत्तरच्या शेवटीही ठिपका होता. शहात्तरच्याही. अकरा वेळा हौद भरला होता आणि अकराही गटांच्या शेवटी एक-एक ठिपका होता. प्रयोगशाळेत आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात: एखादी गोष्ट एकदा आली तर ती चूक धरा, दर वेळी आली तर तिचं कारण शोधा.

आजच्या गटाच्या शेवटी ठिपका नव्हता.

मी पावडर मोजली, पाण्यात कालवली, हौदात ओतून काठीनं ढवळली. लोक निघून गेले होते. हौदाचं काम संपलं होतं, तरी दीनम्माक्का स्टुलावरून उठल्या नव्हत्या. खडू त्यांच्या हातात होता आणि नजर फाटकाकडे.

“आक्का, तो ठिपका कोणाचा?”

“कुठला ठिपका?”

“अकरा वेळचा. यंदा नाही तो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा फाटकाकडे.

“तुला मोजायला कोणी सांगितला होता?”

मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले. कोण आहे जिचं नाव सभासदांच्या नोंदवहीत नाही, तरी जी दर वेळी पाणी घेऊन आली असेल, हे मला फाटकाकडे बघताबघता समजलं होतं.

“आई आणायची ना?” मी म्हटलं. “सभासद नाही म्हणून तुम्ही रेघ नाही ओढली, ठिपका ठेवला. आणि यंदा ती आली नाही, कारण यंदा मी उतरणार आहे.”

“अर्धा बरोबर,” त्या म्हणाल्या.

“उरलेलं अर्धं?”

“घागर तुझा आई आणते. पण ठिपका तिचा नाही.” त्यांनी खडू दुसऱ्या हातात घेतला. “ठिपका माझ्या पोरीचा आहे.”

त्यांना मूल झालं नाही, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

“सत्तर साली झाला. लग्नानंतर चौदा वर्षानं. पोरगी तीन दिवसाचा होता, तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाला, नाही. तुझा आई ड्युटीवर होती. मी तिचा हात धरला. म्हटलं, सिस्टर, तुमच्यात लहान लेकराला पाणी घालतात. माझ्या पोरीला घाल.”

“तुम्ही म्हणालात?”

“मी. माझा बाप बाप्टिस्ट, त्याचा बाप बाप्टिस्ट. लेकराला पाणी घालत नाही, मला माहीत नाही का? तरी मागितला. तुझा आई काही बोलली नाही. औषध पाजायच्या वाटीत पाणी घेतला, उकळून गार केलेला. आधी आपल्या मनगटावर टाकून बघितला, गरम आहे का म्हणून. हेमम्मा, जाणारा लेकरू होता. तरी तिनं मनगटावर टाकून बघितला.”

शेडमागून एक शंटिंगचं इंजिन गेलं. ते पुरतं जाईपर्यंत त्या थांबल्या.

“मग मला विचारलं, नाव काय? मी नाव ठरवला नव्हता. म्हटलं, तुझं काय? ती म्हणाली, एस्तेर. म्हटलं, मग तेच.”

“आणि कोणाला सांगितलं नाही?”

“नवऱ्याला पण नाही. मंडळीनं मला काढला असता, किंवा नसता काढला. पण लोक म्हणाले असते, दीनम्मा, तो बाप्तिस्मा नाही, नुसता पाणी आहे. ते मला ऐकायचं नव्हतं. पुढं बहात्तरला मीच बोलले, सभासदानं एक घागर आणायची. सगळे आणून गेले. शेवटी तुझा आई फाटकात उभी, कडेवर घागर. म्हणाली, दीनम्मा, तुझी मुलगी असती तर पुढं तिनं आणली असती. तिची मी आणते. घेणार का? मी घेतली. रेघ कशी ओढू? वहीत नाव नाही. ठिपका ठेवला.”

तीन महिन्यांतलं आईचं एकेक वाक्य मला नव्यानं ऐकू येत होतं. ती आजोबांसाठी भांडते आहे, मानापमानासाठी भांडते आहे, असं मी समजत होते.

“म्हणजे मी उद्या उतरले,” मी म्हटलं, “तर माझं लहानपणचं खरं नव्हतं, असं होतं. आणि माझं खरं नसेल तर—”

“तर तिचा पण नाही. हो. तुझा आई तेच विचार करते.”

“तुम्ही?”

“मी सतरा वर्ष विचारते देवाला. मी चुकले का? तो सांगत नाही. सांगितलं असतं तरी मी त्या दिवशी तेच मागितलं असतं.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तळव्याला खडू होता. “तू बोलू शकतेस, म्हणून तू आपल्या तोंडानं बोलणार. तिला तेवढा वेळ नव्हता, म्हणून आम्ही दोघी बोललो. मला एवढाच समजतो. तू उतर. पण आधी घरी जा.”

घरी आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसली होती. तिच्याजवळ आमची तांब्याची घागर होती, भरलेली, तोंडावर गाळायचं फडकं बांधलेलं. नळ सकाळी येऊन गेला होता. म्हणजे घागर सकाळपासून तशीच भरून ठेवलेली होती.

“आई, मी उद्या उतरत नाही.”

तिनं मान वर केली. “का?”

“दीनम्माक्कांनी सांगितलं. मुलीचं.”

ती उठली नाही की रागावली नाही. घागरीवरच्या फडक्याची गाठ तिनं उगाच एकदा घट्ट केली.

“नाव सांगितलं तिचं?”

“सांगितलं.”

“हं.”

बाहेर उजेड पिवळा झाला होता. शेजारच्या क्वार्टरमध्ये कोणीतरी चटणी वाटत होतं.

“तीन महिने मला तुझ्या तोंडून हेच ऐकायचं होतं,” आई म्हणाली. “उतरत नाही म्हणून. आणि आता ऐकलं तर वाटतं, हिला कोणी सांगितलं होतं माझं ऐकायला.”

“मला माहीत नव्हतं, आई.”

“माहीत असतं तर तू साक्ष दिली नसतीस. म्हणून तर नाही सांगितलं.”

मग ती म्हणाली, “तेव्हा मी तुझ्या आजोबांना पत्र घातलं होतं. सगळं लिहिलं. विचारलं, नर्सनं, बाईमाणसानं, औषधाच्या वाटीनं केलेला चालतो का? मला वाटलं, चार पानं येतील. शास्त्र लिहितील, कान उपटतील. एका ओळीचं कार्ड आलं.”

“काय लिहिलं होतं?”

“‘पाणी होतं ना? मग झालं.’”

ती हसली, अगदी थोडं.

“ते कार्ड मी सतरा वर्षं पेटीत ठेवलंय. आज सकाळी घागर भरली आणि इथंच बसून राहिले. उठवेना. मनात एकच, या लोकांच्या हौदात माझ्या पोरीला बुडवायला मी पाणी घालू? तिचं आधीचं पुसायला? दुपारी कार्ड काढून वाचलं.” तिनं घागरीच्या काठावरून बोट फिरवलं. “म्हातारा माझ्या बाजूनं बोलतोय असंच धरून चालले होते मी. आज वाटलं, तो कुठल्याच बाजूनं बोलत नव्हता. पाणी होतं का, एवढंच विचारत होता. आता तिथंही पाणीच आहे म्हणा.”

आईनं पदर खोचला, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि घागरीला हात घातला. चोपन्न वर्षांची होती ती, आणि दिवसभर बसून तिची कंबर धरली होती. मी पुढं होऊन घागरीची दुसरी कड धरली.

“हात काढ,” आई म्हणाली.

“अगं, जड आहे.”

“हात काढ, हेमा. उतरणाऱ्यानं पाणी आणायचं नसतं.”

मी हात काढला. तिनं घागर कडेवर घेतली, चपला पायात सरकवल्या आणि निघाली. मी दारात उभी राहिले. मेंदीच्या कुंपणापाशी ती एकदा थांबली, घागर दुसऱ्या कडेवर घेतली आणि वळणाआड गेली.

सकाळी आम्ही बायका कोठीच्या खोलीतच कपडे बदलत होतो. दार लावलेलं होतं. एकशे बेचाळीस रेघांच्या शेवटी ठिपका होता. मी त्याला बोट लावून पाहिलं. खडू बोटाला लागला.

आई नेहमीच्या मागच्या बाकावर होती. इस्त्रीची साडी नेसून.

पाण्यात उभे असलेले तेमजेन माझ्याकडे वळले आणि पाठ केलेला प्रश्न त्यांनी मोठ्यानं विचारला, “येशू ख्रिस्ताला तू आपला प्रभू आणि तारणारा मानतोस का?”

“मानते,” मी म्हटलं. मराठी बाकांवर थोडी खसखस पिकली. पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास येत होता. त्याबद्दल मला नंतर बरंच ऐकून घ्यावं लागलं.

ईस्टर असल्यानं त्या दिवशी प्रभुभोजनही होतं. केस ओलेच होते, आईनं मला आपल्या शेजारी बसवून पाठीवर टॉवेल टाकला. ताट आलं. मी पहिल्यांदाच त्यातला तुकडा घेतला, पेला घेतला. मग ताट आईकडे दिलं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं आणि पुढच्या माणसाकडे दिलं.

“गोड आहे का गं?” तिनं हळूच विचारलं.

“पाणी घातलंय त्यात.”

“भारी वेड यांना पाण्याचं,” आई म्हणाली.

ती शेवटपर्यंत सभासद झाली नाही. कोणी आग्रह केला की म्हणायची, झालाय माझा, कितीदा घेऊ. तेमजेनांनी पुढं एकदा सभेत आईलाही ताटातलं घेऊ द्यावं का, असा प्रश्न काढला होता. मतं निम्मी-निम्मी पडली. आईनं मागून उठून सांगितलं की, पाळकसाहेब, माझ्यावरून तुमच्या मंडळीशी भांडू नका, संसार मोडेल. दीनम्माक्का दोन हजार सहा साली गेल्या, आई त्यानंतर दोन वर्षांनी. दीनम्माक्कांची घागर आणि त्या मुलीची घागर, दोन्ही शेवटची काही वर्षं आईच न्यायची, त्यांच्या गुडघ्यांमुळे.

शेड पाडून नवीन इमारत झाली तेव्हा सुताराला सांगून मी ते दार नव्या कोठीला बसवून घेतलं. हौदाला फरशी लागली, नळ आहे, पाणी कमी पडत नाही. माप तेच ठेवलंय, सहा बाय चार. ओडिया लोक आहेत आता, मणिपूरची घरं आहेत, हिंदीवाले आहेत. सभासद चारशेच्या वर गेले. सगळ्यांनी घागरी आणल्या तर हौद वाहून जाईल, म्हणून तांब्या आणतात. स्टुलावर मी बसते. वहीत नाव नसलेलं कोणी तांब्या घेऊन फाटकात उभं राहिलं, तर मी कोणाचा म्हणून विचारत नाही. हौदात ओतू देते आणि ठिपका ठेवते. गेल्या ईस्टरला सव्वीस झाले.

एका तांब्यानं हौदातलं पाणी अर्धा मिलिमीटरही चढत नाही. घागरीनं पावणेसात चढायचं. डोळ्यांना तेही दिसलं नसतं. पण पट्टी धरून मोजता येतं तेवढं.